एकोणतीस मालकांचा संघ

समजा, एखाद्या पेठेत तीस दुकाने आहेत. त्यांतले एक दुकान तोट्यात गेले, मालक कंटाळून निघून गेला, आणि उरलेल्या एकोणतीस दुकानदारांनी वर्गणी काढून ते विकत घेतले. गल्ल्यावर स्वतःचा माणूस बसवला. माल किती भरायचा, नोकर किती ठेवायचे हे तेच ठरवू लागले आणि दारात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू लागले, की पुढच्या वर्षी हे दुकान इथे असेलच असे नाही. अशा दुकानात किती गिऱ्हाइके येतील? आणि ती आली नाहीत, तर 'या गल्लीतल्या लोकांना खरेदीची हौसच नाही' असा निष्कर्ष काढणाऱ्याला आपण काय म्हणू?

कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात २००२ ते २००४ अशी तीन वर्षे नेमके हेच घडले. दुकानाच्या जागी बेसबॉलचा एक व्यावसायिक संघ होता. त्याचे नाव मॉन्ट्रियल एक्स्पोज. १९६९ मध्ये जन्मला, २००४ मध्ये गाव सोडून गेला. त्याच्या शेवटच्या वर्षांबद्दल अमेरिकन वृत्तपत्रांतून जे लिहिले गेले त्याचा मथितार्थ एवढाच, की फ्रेंच बोलणाऱ्या, बर्फात राहणाऱ्या, आइस हॉकीने वेडावलेल्या शहरात बेसबॉल रुजणारच नव्हता. हे वाचताना मला दर वेळी चीड येते. दोन भाषांच्या गावात राहणाऱ्या कोणालाही ती येईल. कारण 'तुमच्या गावाला हे जमायचे नाही' हे वाक्य आपल्याही ओळखीचे आहे. म्हणून मॉन्ट्रियलच्या लोकांवरचा हा आळ तारखा आणि आकडे लावून तपासावा असे मनात आले.

आधी खेळाच्या व्यवहाराविषयी दोन शब्द. क्रिकेटमध्ये मुंबईचा संघ मुंबई सोडून दुसऱ्या गावी राहायला गेला असे होत नाही. अमेरिकेत होते. तिथले संघ खाजगी मालकीचे. दर वर्षी एप्रिल ते सप्टेंबर प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, त्यांतले ८१ घरच्या मैदानावर. शेवटी मोजक्या संघांत बाद फेरी, आणि ऑक्टोबरात 'वर्ल्ड सिरीज' नावाची अंतिम मालिका. तळाला राहिलेला संघ खालच्या वर्गात ढकलला जात नाही. तो कितीही हरो, त्याची जागा पक्की. धोका हरण्याचा नसतो, मालक बिथरण्याचा असतो. इतर मालकांची संमती मिळाली तर तो अख्खा संघ उचलून दुसऱ्या शहरात नेऊ शकतो, आणि मागे राहते ते रिकामे मैदान.

मॉन्ट्रियलला बेसबॉल परका होता हे तर धडधडीत खोटे आहे. १९६० पर्यंत तिथे 'रॉयल्स' नावाचा संघ होता, ब्रुकलिन डॉजर्सच्या हाताखालचा. वरच्या श्रेणीच्या बेसबॉलमध्ये गेली साठ वर्षे काळ्या खेळाडूला प्रवेश नव्हता. ती भिंत पाडायचे डॉजर्सच्या ब्रँच रिकी यांनी ठरवले, तेव्हा निवडलेल्या खेळाडूला त्यांनी आधी वर्षभर मॉन्ट्रियलला पाठवले. त्याचे नाव जॅकी रॉबिन्सन. साल १९४६. अमेरिकेतल्या कित्येक मैदानांवर त्याला शिव्या ऐकाव्या लागत. मॉन्ट्रियलमध्ये त्या जोडप्याला भाड्याने घर मिळाले आणि शेजार मिळाला. त्या वर्षी रॉयल्सनी त्यांच्या श्रेणीचे अजिंक्यपद जिंकले, तेव्हा चाहत्यांनी त्याला खांद्यावर घेतले आणि तो निघाला तसे ते त्याच्या मागे रस्त्यावर धावत सुटले. गोऱ्यांचा जमाव काळ्या माणसामागे धावतो आहे आणि तोही प्रेमापोटी, हे दृश्य बहुधा पहिलेच असावे, अशा अर्थाचे एका वार्ताहराने तेव्हा लिहून ठेवले.

१९६७ मध्ये मॉन्ट्रियलला 'एक्स्पो ६७' हे जागतिक प्रदर्शन भरले. शहर त्या वेळी फार जोरात होते. पुढच्याच वर्षी अमेरिकेबाहेरचा पहिला संघ म्हणून नॅशनल लीगने मॉन्ट्रियलला मान्यता दिली. सीग्रॅम या मद्यकंपनीच्या घराण्यातले चार्ल्स ब्रॉन्फमन मालक झाले. नाव काय ठेवायचे यावर खल झाला, आणि 'एक्स्पोज' ठरले. हे नाव प्रदर्शनाची आठवण देई आणि फ्रेंच-इंग्रजी दोन्ही भाषांत एकसारखेच चाले. दुभाषी गावात ज्याने एखाद्या मंडळाचे नाव ठरवले आहे, त्यालाच ही अडचण किती मोठी असते ते कळेल.

पहिला सामना ८ एप्रिल १९६९ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर झाला. नवख्या संघाने मेट्सना ११-१० असे हरवले. सहा दिवसांनी घरचा पहिला सामना झाला, जॅरी पार्कमध्ये. हे खरे तर नगरपालिकेचे उद्यान. घाईघाईने बाके वाढवून अठ्ठावीस हजारांची सोय केलेली, कडेला बर्फाचे ढीग. एका बाजूला कुंपणापलीकडे पोहण्याचा सार्वजनिक तलाव होता. पिट्सबर्गचा विली स्टार्जेल चेंडू मारी तो थेट त्यात जाऊन पडे. मैदानाची दिशा अशी चुकलेली, की संध्याकाळचा सूर्य पहिल्या बेसवरच्या खेळाडूच्या डोळ्यांवर येई आणि तो मावळेपर्यंत खेळ थांबवावा लागे. त्या पहिल्या वर्षी संघ ५२ सामने जिंकला आणि ११० हरला. तरी लोक येत. जॉन बोकाबेला नावाच्या साध्या खेळाडूचे नाव निवेदक असे लांबवून, हेलकावे देत पुकारी की तेवढ्यासाठी माणसे टाळ्या वाजवत. रस्टी स्टॉब हा तांबड्या केसांचा अमेरिकन खेळाडू स्वतःहून फ्रेंच शिकला. लोकांनी त्याला 'ल ग्राँ ऑरांझ' म्हणजे 'मोठा नारिंगी' म्हणायला सुरुवात केली. संघालाही घरगुती नाव मिळाले: 'नो-झामूर', आमची लाडकी मंडळी.

आणि इथे एक गोष्ट झाली जी मला त्या संघाची खरी कमाई वाटते. बेसबॉलची परिभाषा सगळी इंग्रजी. रेडिओवर रोज तीन-तीन तास फ्रेंचमध्ये बोलायचे तर शब्द हवेत. झाक दूसे हे 'ला प्रेस' या फ्रेंच दैनिकाचे वार्ताहर. १९७२ पासून त्यांनी फ्रेंच रेडिओवर सामन्यांचे वर्णन करायला घेतले, ते थेट २००४ पर्यंत, म्हणजे ३३ मोसम. त्यांच्या जोडीला पुढे क्लोद रेमों आले. हे क्वेबेकचेच, एक्स्पोजकडून चेंडू फेकलेले. काही शब्द जुन्या फ्रेंच वृत्तपत्रांत होते, काही यांनी घडवले, बाकीचे रोज वापरून रुळवले. होम रनला 'सिर्क्वी', म्हणजे पूर्ण फेरी. चेंडू फेकणारा तो 'लांसर'. लांबवर क्षेत्ररक्षण करणाऱ्यांना 'व्होल्तिझर', ज्यात चपळ उड्या मारणाऱ्याची छटा आहे. बोटांच्या टोकांनी सोडलेला, हवेत डुगडुगत येणारा जो चेंडू इंग्रजीत 'नकलबॉल', त्याला फ्रेंचमध्ये 'बाल पापियाँ' म्हणतात, फुलपाखरी चेंडू! मूळ शब्दापेक्षा हा कितीतरी नेमका आहे. गावोगावच्या स्वयंपाकघरांत, मोटारींत, शेतांवर हे शब्द ऐकू जात. क्रिकेटचे मराठी समालोचन कानात साठवून ठेवलेल्या वाचकाला यातली गंमत वेगळी सांगायला नको.

म्हणजे माया होती, भाषा होती, आणि लौकरच संघही तयार झाला. गॅरी कार्टर, आंद्रे डॉसन, टिम रेन्स हे तिघेही पुढे 'हॉल ऑफ फेम'मध्ये एक्स्पोजची टोपी घालून बसले. लोक किती येत? १९८२ आणि १९८३ या दोन्ही वर्षी तेवीस लाखांवर. १९८२ चा आकडा न्यूयॉर्कच्या यँकीज या बलाढ्य संघापेक्षाही मोठा आहे. बेसबॉल रुजत नाही म्हणणाऱ्यांनी एवढी एकच ओळ पाहिली तरी पुरे.

पण दैव म्हणा, नियोजन म्हणा, पाठीशी नव्हते. १९७७ मध्ये संघ जॅरी पार्क सोडून ऑलिंपिक स्टेडियमवर गेला. १९७६ च्या ऑलिंपिकसाठी फ्रेंच वास्तुविशारद रॉजे तायिबेर यांनी आखलेले हे अवाढव्य काम. ऑलिंपिकमध्ये तोटा होणे हे पुरुषाला मूल होण्याइतकेच अशक्य, असे महापौर झाँ द्रापो यांनी आधी ठणकावून सांगितले होते. प्रत्यक्षात व्याजासकट खर्च दीडशे कोटी कॅनेडियन डॉलरच्या घरात गेला आणि ते कर्ज फिटायला २००६ उजाडले, संघ गाव सोडून गेल्यावर दोन वर्षांनी! स्टेडियमचे उघडझाप होणारे छप्पर ऑलिंपिकला तयार नव्हतेच. ते बसले १९८७ मध्ये. बसल्यावर वाऱ्याने फाटू लागले. १३ सप्टेंबर १९९१ रोजी ५५ टनांची तुळई निखळून पडली. सुदैवाने कोणी खाली नव्हते, पण त्या मोसमातले उरलेले घरचे सामने संघाला परगावी खेळावे लागले. १९९८ मध्ये नवे, न उघडणारे छप्पर बसवले, तर पुढच्याच जानेवारीत बर्फाच्या ओझ्याने त्याचा एक भाग फाटला. उन्हाळा जेमतेम चार महिने असलेल्या गावात, ऊन अंगावर घेण्याच्या संध्याकाळी, माणसाने तिकीट काढून काँक्रीटच्या काळोख्या घुमटात का बसावे?

छप्पर नव्हते तेव्हाही त्याचा चटका बसलाच. १९८१ मध्ये एक्स्पोज वर्ल्ड सिरीजपासून एक सामना दूर होते. रविवारी पाऊस झाला, सामना सोमवारवर गेला. १९ ऑक्टोबर, कडाक्याची थंडी. नवव्या डावापर्यंत १-१ अशी बरोबरी. डॉजर्सचे दोन गडी बाद झालेले असताना रिक मंडे नावाच्या फलंदाजाने स्टीव्ह रॉजर्सचा चेंडू कुंपणापलीकडे धाडला. २-१. वार सोमवार आणि फलंदाजाचे आडनावही 'मंडे', म्हणून मॉन्ट्रियलच्या बोलण्यात तो दिवस 'ब्लू मंडे' झाला. लाडक्या मंडळींची वर्ल्ड सिरीजच्या सगळ्यात जवळ गेलेली वेळ तीच, हे तेव्हा कोणाला माहीत होते!

राजकारण आणि पैसा यांच्याकडेही वळले पाहिजे. १९७६ मध्ये क्वेबेकमध्ये स्वतंत्र राष्ट्राची भूमिका घेणारा पार्ती क्वेबेकवा पक्ष निवडून आला. १९७७ मध्ये फ्रेंचला अग्रस्थान देणारा भाषा कायदा झाला. कित्येक इंग्रजी घरे आणि मोठ्या कंपन्यांची मुख्यालये टोरांटोला निघून गेली. जाहिराती देणारे, राखीव खुर्च्या घेणारे गिऱ्हाईक गेले, हे खरे. पण या एका कारणावर सगळे खापर फोडण्याची जी सोय करून घेतली गेली ती मला पटत नाही. भाषा कायदा १९७७ चा, आणि प्रेक्षकांचा उच्चांक १९८२-८३ चा! कायद्याने मैदान रिकामे झाले असेल तर पाच वर्षे उशिरा, आणि तेही आधी भरून, असे म्हणावे लागेल. दुखणे वेगळे होते. १९७७ मध्ये टोरांटोला ब्लू जेज हा दुसरा संघ आला आणि पुढे दक्षिण ओंटारिओच्या संपन्न भागात एक्स्पोजचे दूरदर्शन प्रक्षेपण आक्रसत गेले. तिकिटाचे पैसे कॅनेडियन डॉलरमध्ये यायचे, खेळाडूंचा पगार अमेरिकन डॉलरमध्ये जायचा. सत्तरीच्या दशकाच्या मध्यात जवळपास बरोबरीत असलेला कॅनेडियन डॉलर २००२ च्या जानेवारीत अमेरिकन ६२ सेंटांच्या खाली उतरला. गल्ल्यात शंभर पडले तर देताना बासष्टच. शिवाय खेळाडूंना करार संपल्यावर हवा तो संघ निवडायची मुभा मिळाली होती आणि पगार भडकत होते. कंटाळून ब्रॉन्फमन यांनी १९९१ मध्ये संघ विकला. घेणारे एकटे कोणी मिळेना. क्लोद ब्रोशू यांच्या पुढाकाराने कंपन्यांचे कडबोळे झाले, त्यात शहराने आणि प्रांत सरकारनेही हात घातला. पण या भागीदारांतल्या बहुतेकांनी ही रक्कम गणपतीच्या वर्गणीसारखी दिली होती: एकदा पावती फाडली, पुन्हा मागायला येऊ नका.

आणि तरीही १९९४ आले.

त्या संघाची यादी आजही जुने चाहते तोंडपाठ म्हणतात. व्यवस्थापक फेलिपे अलू, त्यांचा मुलगा मोइझेस, कॅनडाचाच लॅरी वॉकर, मार्की ग्रिसम, चेंडू फेकायला केन हिल, अखेरच्या डावासाठी जॉन वेटलँड, आणि बावीस वर्षांचा काटकुळा पेद्रो मार्तिनेझ. पगारपत्रक अख्ख्या लीगमधल्या सगळ्यात लहान पगारपत्रकांपैकी एक. ११ ऑगस्टच्या रात्री त्यांची नोंद होती ७४ विजय, ४० पराभव. तिसांपेक्षा कमी संघांच्या त्या काळच्या लीगमध्ये सर्वांत उत्तम. अटलांटा सहा सामने मागे.

१२ ऑगस्टला खेळाडूंचा संप सुरू झाला. मालकांना पगारावर कमाल मर्यादा हवी होती. त्यांचा एक युक्तिवाद असा, की मर्यादा नसेल तर मॉन्ट्रियलसारख्या गरीब गावांचे संघ जगणार नाहीत. आणि तो गरीब संघ तर सगळ्यांच्या पुढे होता! १४ सप्टेंबरला उरलेला मोसम रद्द झाला. दोन महायुद्धांतही न थांबलेली वर्ल्ड सिरीज १९०४ नंतर प्रथमच झाली नाही. गरीब संघाच्या नावाने चाललेल्या भांडणाचा पहिला बळी तो गरीब संघच ठरला.

संप २३२ दिवस चालून एप्रिल १९९५ मध्ये मिटला. मोसम तीन-साडेतीन आठवड्यांवर आला होता. संघ पुन्हा उभा करून अपुरे स्वप्न पुरे करायचे, की तोटा भरून काढायचा? भागीदारांनी वर्गणी वाढवायला नकार दिला. हिल, वेटलँड आणि ग्रिसम यांना दोन-तीन दिवसांत, मिळेल त्या मोबदल्यात दुसऱ्या संघांना देऊन टाकण्यात आले. वॉकरला थांबवण्याचा प्रयत्नही झाला नाही. त्याच ऑक्टोबरात अटलांटाने वर्ल्ड सिरीज जिंकली तो शेवटचा झेल ग्रिसमच्या हातात होता. १९९६ च्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला वेटलँड, यँकीजच्या पोशाखात. १९९७ मध्ये लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू वॉकर, कोलोरॅडोकडून.

आता प्रेक्षकांचे आकडे पाहा, कारण न्याय इथेच करायचा आहे. एवढी विक्री होऊनही १९९६ मध्ये सोळा लाख लोक मैदानावर आले. संघही त्या वर्षी शेवटपर्यंत झुंजला. १९९७ मध्ये सुमारे पंधरा लाख. त्या वर्षी पेद्रो मार्तिनेझने ३०५ फलंदाजांना नुसत्या चेंडूवर बाद केले आणि लीगच्या सर्वोत्तम 'लांसर'चा किताब पटकावला. नोव्हेंबरात त्याला बॉस्टनला धाडले. १९९८ चा आकडा: नऊ लाख पंधरा हजार. एका वर्षात जवळजवळ सहा लाख माणसे घरी बसली. त्यांना बेसबॉल आवडेनासा झाला नव्हता. आपण जीव लावायचा आणि हाताशी आलेला मुलगा दर वेळी दुसऱ्याने न्यायचा, याचा त्यांना उबग आला होता. माणसे आली नाहीत म्हणून खेळाडू विकले, असे सांगितले जाते. तारखा मात्र उलट क्रम सांगतात.

ब्रोशू यांचा शेवटचा डाव शहराच्या मध्यभागी छोटे, उघडे मैदान बांधायचा. त्यासाठी सरकारी पैसा हवा होता. मुख्यमंत्री ल्युसियाँ बुशार यांनी सांगितले, की इस्पितळे बंद करावी लागत असताना मैदानाला पैसे देता येणार नाहीत. हे उत्तर चुकीचे होते असे मला म्हणवत नाही. ज्या प्रांताच्या डोक्यावर आधीच्या एका स्टेडियमचे कर्ज बसलेले होते, त्याने दुसऱ्यासाठी हात आखडला तर दोष कोणाला द्यायचा?

डिसेंबर १९९९ मध्ये न्यूयॉर्कचे चित्रव्यापारी जेफ्री लोरिया प्रमुख झाले. लोक आशेने पाहू लागले. पण २००० च्या मोसमात प्रक्षेपणाचे करारच जमले नाहीत. दूरदर्शनवर संघ नाही, आणि इंग्रजी वर्णन ऐकायचे तर फक्त इंटरनेटवर. त्या काळी इंटरनेट किती घरांत होते? फ्रेंच रेडिओवर दूसे मात्र बोलत राहिले. भांडवलासाठी नवी हाक दिली की जुने भागीदार गप्प बसत, लोरिया स्वतःचे पैसे घालत, आणि चोवीस टक्क्यांचा त्यांचा वाटा चौऱ्याण्णवच्या आसपास गेला. २००१ मध्ये वर्षभरात सहा लाख त्रेचाळीस हजार प्रेक्षक, म्हणजे शेहेचाळीस हजार खुर्च्यांच्या घुमटात सामन्याला आठ हजार. एखाद्या खुर्चीची फळी आपटली तर पलीकडच्या टोकाला ऐकू जाई.

६ नोव्हेंबर २००१ रोजी मालकांनी २८ विरुद्ध २ मतांनी ठराव केला, की दोन संघ कायमचे बंद करावेत. विरोधातली दोन मते एक्स्पोज आणि मिनेसोटा ट्विन्स यांची होती, त्यावरून कोणाच्या गळ्याभोवती दोर होता ते कळावे. मिनेसोटाच्या न्यायालयाने ट्विन्सना त्यांच्या मैदानाचा भाडेकरार पाळायला लावले, आणि एकाच संघाला मारणे वेळापत्रकात बसेना. तेवढ्याने मॉन्ट्रियल वाचले. फेब्रुवारी २००२ मध्ये लीगने बारा कोटी डॉलरना संघ विकत घेतला. लोरियांनी फ्लोरिडा मार्लिन्स हा संघ घेतला आणि व्यवस्थापक, प्रशिक्षक, कचेरीतली माणसे सोबत नेली. नव्या मंडळींच्या वाट्याला रिकामी टेबले आली, प्रशिक्षण शिबिराला मोजके दिवस राहिले होते.

असे हे एकोणतीस मालक. व्यवस्थापक म्हणून फ्रँक रॉबिन्सन आले, आपल्या काळचे थोर खेळाडू. मृत्युपत्र लिहून झालेला हा संघ २००२ मध्ये ८३ सामने जिंकला आणि ७९ हरला, गटात दुसरा आला! मात्र पुढे संघ राहणारच नाही या हिशेबाने खेळाडूंची उचल झाली. एका अनुभवी 'लांसर'साठी, बार्तोलो कोलोनसाठी, क्लिफ ली, ग्रेडी साइझमोर आणि ब्रँडन फिलिप्स हे तीन उगवते खेळाडू देऊन टाकले. उद्या नाहीच म्हटल्यावर बियाणे कोण राखून ठेवतो?

२००३ मध्ये घरच्या ८१ सामन्यांपैकी २२ सामने लीगने पोर्तो रिकोतल्या सान हुआन इथे ठेवले, उत्पन्न जास्त म्हणून. संघाचे घर एका बेटावर, दुसरे घर बर्फात, आणि मधे विमान. तरी ऑगस्टअखेर हे थकलेले खेळाडू बाद फेरीच्या शेवटच्या जागेसाठी बरोबरीत होते. सप्टेंबरात प्रत्येक संघ खालच्या श्रेणीतले ताजे खेळाडू बोलावतो, तसा रिवाजच आहे. एक्स्पोजना ते बोलावू दिले नाहीत. मालकांना खर्च नको होता. आणि ते मालक कोण? त्याच जागेसाठी झगडणारे इतर संघही त्यांतच. माझ्या मते संघ त्या सप्टेंबरात संपला. पुढचे सगळे उत्तरकार्य. मोसमाची नोंद पुन्हा ८३-७९. त्या हिवाळ्यात व्लादिमीर गेरेरो हा शेवटचा मोठा खेळाडूही कॅलिफोर्नियाला गेला, आणि २००४ मध्ये संघ ९५ सामने हरला.

इंदूरच्या जुन्या वाचकांना इथे होळकर संघ आठवेल. चार वेळा रणजी करंडक जिंकलेला तो संघ १९५५ नंतर राहिला नाही. पण तिथे संस्थान गेले, राज्ये बदलली, आणि तेच खेळाडू, तेच मैदान नव्या नावाखाली पुढे चालले. कर्नल सी. के. नायडू उचलून कोणी दुसऱ्या देशात नेले नाहीत. मॉन्ट्रियलमध्ये नावापासून मैदानापर्यंत सगळेच हरपले.

२९ सप्टेंबर २००४ रोजी दुपारी जाहीर झाले, की संघ वॉशिंग्टनला जाणार. त्याच रात्री घरचा शेवटचा सामना होता, आणि प्रतिस्पर्धी कोण, तर लोरियांचे मार्लिन्स, आदल्या वर्षीचे विश्वविजेते. ३१,३९५ लोक आले. कोणी एकाने गोल्फचा चेंडू मैदानात भिरकावला, तेव्हा पंचांनी खेळ थांबवला. सामना रद्द होईल अशी सूचना ध्वनिक्षेपकावरून झाली आणि लोक शांत झाले. त्या रात्री मैदानात एक फलक उलगडण्यात आला होता. त्यावर दोन्ही भाषांत लिहिले होते, फ्रेंच वर आणि इंग्रजी खाली: १९९४, बेसबॉलमधला सर्वोत्तम संघ. करंडक नसलेल्या वर्षाचा तो फलक. एक्स्पोज १-९ असे हरले. सामना संपल्यावर लोक बराच वेळ उठले नाहीत.

संघाचा अगदी शेवटचा सामना त्यानंतर चार दिवसांनी झाला, न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर, मेट्सविरुद्ध. जिथे ३५ वर्षांपूर्वी पहिला झाला होता तिथेच. १-८ असा पराभव.

बारा कोटींना घेतलेला संघ लीगने २००६ मध्ये वॉशिंग्टनच्या लर्नर कुटुंबाला पंचेचाळीस कोटी डॉलरना विकला. म्हणजे संघाला किंमत होती. फक्त ती मॉन्ट्रियलमध्ये असताना कोणाला दिसली नाही. २०१९ मध्ये या 'वॉशिंग्टन नॅशनल्स'नी वर्ल्ड सिरीज जिंकली. मॉन्ट्रियलला संघ परत आणायची खटपट चालूच होती. फ्लोरिडातल्या टँपा बे या संघाने अर्धा मोसम तिथे आणि अर्धा इथे खेळावा अशी एक योजना २०१९ मध्ये पुढे आली. जानेवारी २०२२ मध्ये लीगने तिच्यावर काट मारली. ऑलिंपिक स्टेडियमच्या तिसऱ्या छपरासाठी क्वेबेक सरकारने २०२४ मध्ये ८७ कोटी डॉलर मंजूर केले.

झाक दूसे यांचे एक्स्पोजसाठीचे बोलणे २००४ मध्ये थांबले होते. पुढे क्वेबेकच्या एका फ्रेंच क्रीडा वाहिनीने सामने दाखवायला घेतले आणि २०१२ मध्ये बहात्तराव्या वर्षी ते पुन्हा माइकपुढे बसले. संघ होता टोरांटो ब्लू जेज, एकेकाळचा प्रतिस्पर्धी आणि आता कॅनडात उरलेला एकमेव. तिथे त्यांनी पुढची दहा वर्षे 'सिर्क्वी' आणि 'बाल पापियाँ' म्हटले.